देवी गुंडाळायची नाही!

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, ज्यांचं नाव उखाण्याशिवाय घ्यायची मला सोय नाही आणि म्हणून ज्यांना मी आज फक्त 'अध्यक्षमहाराज' म्हणणार आहे ते, व्यासपीठावर बसलेले नाट्यमंडळाचे चिटणीस सन्माननीय मनिरामजी, ज्यांच्या प्रेमापोटी आपण सारे जमलो ते सत्कारमूर्ती बकारामजी पेंटर, पहिल्या रांगेत, घरून आणलेल्या आरामखुर्चीत बसलेल्या माझ्या सासूबाई देवकाबाई, आपली गोरेगावकर मंडळी, मुर्रीची आणि खास गोंदियाहून आलेली पाहुणे मंडळी, माझ्या बहिणींनो, आणि आत जागा असूनही ओट्यावरच उभे राहणाऱ्या तरुण बंधूंनो,

महिला मंडळाच्या वतीनं चार शब्द बोलायचा मान मला दिला, त्याबद्दल चिटणीसांचे आभार. खरं म्हणजे त्यांनी मान दिला नाही, मी हिसकावून घेतला. घरी जेवताना अध्यक्षमहाराज म्हणाले, "तू बोलायला उभी राहशील आणि हसत सुटशील." मी म्हटलं, "मग काय झालं? निरोप समारंभात रडणारे पुष्कळ भेटतात." तेव्हा मधेच हसू आलं तर मंडळींनी जरा थांबून घ्यावं. लढाईच्या या दिवसांत रॉकेल मिळेनासं झालंय, तरी मंडळानं गॅसबत्ती लावली आहे. ती विझायच्या आत मी संपवीन, एवढं वचन देते.

बकारामजींबद्दल आधीच्या वक्त्यांनी पुष्कळ सांगितलं. रेल्वेतली नोकरी, गोंदिया स्टेशनच्या पाट्या, छोट्या लाईनच्या डब्यांवरचे आकडे, सगळं खरं. पण एका वक्त्यानं त्यांना 'मितभाषी' म्हटलं, तेव्हा मी पदर तोंडात धरला. मितभाषी म्हणजे थोडं बोलणारा ना? हे थोडं तरी कुठं बोलतात? माझ्या लेकीच्या लग्नात पंगतीला बसले होते. वाढणारा विचारतो, "काका, भात?" हे मान हलवतात. "वरण?" मान. "जिलबी?" तर मान जरा जास्त हलते. पंगत उठल्यावर मी दारात विचारलं, "जेवण कसं झालं जी?" तर म्हणाले, "हो." आता बोला!

अशा माणसानं आयुष्यात एकदा, माझ्या माहितीप्रमाणे एकदाच, सलग चार वाक्यं बोलून माझं लग्न ठरवलं. ती गोष्ट गावात जुन्यांना ठाऊक आहे, पण अर्धीच. अध्यक्षमहाराजांना वाटतं, लग्न त्यांच्या गळ्यावर जमलं. सासूबाईंना वाटतं, देवीच्या कृपेनं जमलं. त्या दोघांसमोरच आज खरं काय ते सांगून टाकते. साक्षीदार माझ्या पाठीशीच टांगलेला आहे, हा पडदा. मागच्यांना देवी दिसते ना? नाही म्हणता? मनिरामजी, जरा डावीकडे सरका. हिच्यासमोर उभं राहिलं म्हणजे लोक काय करतात, ते तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? सरका, सरका.

तर मी मुर्रीची, नंदलालजींची थोरली लेक. खाऊनपिऊन सुखी घर, धानाची शेती, आणि घरात एकच काळजी: पोरगी हसते. म्हणजे हसून राहिली की थांबतच नाही. कीर्तनात हसायची, बारशात हसायची, एकदा शेजारच्या काकांच्या तेराव्यात हसले आणि आईनं मला कोठ्यात नेऊन बसवलं, तर तिथे बैलाकडे पाहून हसले.

पहिलं स्थळ आलं. मुलाचे मामा वजनदार माणूस, अंगानंही आणि बोलण्यानंही. ओसरीत नवी विणलेली बाज टाकली होती. "आमच्या घराण्यात जमिनीवर कोणी बसत नाही," असं म्हणत मामा बाजेवर टेकले आणि दोरी सुटली. मामा चौकटीतून थेट जमिनीवर. वर फक्त दोन पाय आणि पागोटं. आता तुम्हीच सांगा, हसू नये तर काय करावं? बघा, तुम्हीसुद्धा हसलात. पण तुमचं लग्न ठरायचं नव्हतं, माझं होतं. पाहुणे उठून गेले.

दुसऱ्या वेळी काहीच झालं नाही. बाज धड, मामा धड, सगळे अगदी गप्प आणि गंभीर. ते गंभीर बसणंच मला सोसलं नाही. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "बाई, नाव काय?" मी "दु" म्हणाले, हसले, आणि "लारी" म्हणायच्या आत पाहुण्यांची बंडी जुंपलेली होती.

तिसरं स्थळ मोठ्या घरचं. नावगाव सांगत नाही, माणूस आता हयात नाही. मालगुजार, दुजवर, वयानं माझ्या धाकट्या काकांएवढे. पोळलेल्या माझ्या वडिलांनी आधीच सांगून टाकलं, "पोरगी हसते जी." मालगुजार रागावले नाहीत. अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "हसू द्या ना. आमच्या घरी आली म्हणजे आपोआप बंद होते. पहिलीचंही झालं होतं."

मी दाराआड उभी होते. मंडळी, त्या दिवशी मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आईनं बाजेतल्या मामांची नक्कल करून दाखवली, तरी नाही. तेव्हा आई रडायला लागली.

वडील वाईट नव्हते हो. पोरगी घरात राहून जाईल या धास्तीनं ते वाळत चालले होते. पण आई अडून बसली. गोरेगावचा एक मुलगा तिच्या कानावर आला होता. वडील नाहीत, आई एकटी, शेती बेताची, पण गळा गोड आणि मंडईच्या नाटकात काम करतो. दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते, सोयरेधायरे येतात, आणि मुलगा-मुलगी पाहायचं निम्मं काम तिथेच उरकतं, हे काय मी सांगायला हवं? या हॉलमधली अर्धी जोडपी मंडईतच जमलेली आहेत. वडील म्हणाले, "ठीक आहे. पोरगा नाटकात पाहतो. पटला तर पटला. नाही पटला, नाही दिसला, तर मालगुजाराकडे सुपारी ठेवून येतो." आणि सुपारी त्यांनी निघतानाच कोटाच्या खिशात टाकली. बंडीत मी त्यांच्या शेजारी बसले होते. वाटभर माझं लक्ष त्या खिशाकडे.

आता इकडे गोरेगावला काय चाललं होतं ते ऐका. माझ्या सासरी देवघरात एक जुनं चित्र आहे. हाताच्या पंजाएवढा कागद. आम्ही पोवार माळव्यातून आलो असं वाडवडील सांगत आले. येताना कोणी तलवार आणली, कोणी बियाणं आणलं, आमच्या सासरच्या कोण्या पूर्वजानं पागोट्यात घडी करून ही देवी आणली, असं सासूबाई सांगतात. खरंखोटं देवीला ठाऊक. कडा कुरतडलेल्या आहेत, पण रंग असा की काल भरला. लाल जमीन. देवी वाघावर, चेहरा एका अंगानं, डोळा कानापर्यंत गेलेला. आठ हात. खाली रेडा, त्याची मान तुटलेली आणि मानेतून महिषासुर कमरेपर्यंत बाहेर निघालेला. रेड्याचं मुंडकं बाजूला पडलंय, आणि त्याच्या तोंडावर असा भाव की भांडण यांचं, मी कायले मेलो! पण सर्वांत न्यारी देवी. एवढी मारामारी चालली आहे, त्रिशूळ राक्षसाच्या छातीत रुतला आहे, आणि बाईच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू.

हे चित्र नवरात्रात अष्टमीला घरच्यांना दिसायचं, एरवी लाल फडक्यात. त्या वर्षी नाट्यमंडळानं महिषासुरवधाचं नाटक बसवलं आणि दर्शनी पडद्यावर हीच देवी हवी, असा मनिरामजींनी हट्ट धरला. बकारामजींनी रेल्वेतून रजा काढली. सासूबाईंनी अट घातली: चित्र देवघराबाहेर जाणार नाही. पडद्यापुरती देवी रोज उघडते, पण मी पूजा करते तोवर उंबऱ्याबाहेर पडवीत बसून काय रंगवायचं ते रंगवा, पूजा झाली की देवी फडक्यात. मग पूजा झाली, आणि देवीचा एखादा हात रंगवायचा अर्धा राहिला, तर तो उद्यावर!

काय म्हणता सासूबाई? ... सासूबाई म्हणताहेत, "मी याच्यासाठी पूजा लांबवत होती ना. एकेक फूल दोनदा वाहत होती." घ्या! ही गोष्ट मला आज इतक्या वर्षांनी कळते आहे.

पडदा भला मोठा, मांजरपाटाचा, चिंचोक्याची खळ दिलेला. पडवी लहान. ज्या दिवशी जेवढं रंगवायचं तेवढंच कापड उलगडायचं, बाकीचं गुंडाळलेलं. कधी वाघाची शेपूट, कधी नुसती बोटं. त्यामुळे अख्खी देवी एकदम कोणी पाहिलीच नव्हती. सासूबाईंनी नाही, मनिरामजींनी नाही, खुद्द बकारामजींनी नाही.

मंडईचा दिवस. दिवसभर दुकानं, पाळणा, बत्ताशे, सोयऱ्यांच्या गळाभेटी. दिवे लागल्यावर सारे नाटकाच्या मांडवात. बाया एकीकडे, पुरुष एकीकडे, पाहुण्यांत माझे वडील मानानं पुढे. बकारामजी पडद्याच्या दोरीपाशी. मृदंग वाजला, दोन गॅसबत्त्या एकदम समोर आणल्या, आणि पडदा पहिल्यांदा सगळा दिसला.

मंडळी, मांडवात एक मूल रडत होतं, तेसुद्धा थांबलं. पंजाएवढी देवी खळ्यावरच्या धानाच्या पुंजण्याएवढी, गंजीएवढी होऊन उभी. आठही हात उगारलेले, तो डोळा, आणि ते हसू. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "अव माय!" आणि तिचे हात आपोआप जोडले गेले. पहिल्या रांगेतून एक बाई उठली. लुगड्याचा पदर डोक्यावर घेतला, शेजारच्या दुकानातून नारळ उचलला, सरळ पडद्यापुढे गेली आणि मंचाच्या फळीवर फोडला. ही बाई कोण? याच, आरामखुर्चीतल्या. माझ्या होणाऱ्या सासूबाई. घरची देवी इतक्या लोकांसमोर आली आणि नारळ फोडायचा नाही? मग काय विचारता! सारी मंडई उठली. कुंकू, फुलं, तांदूळ, ज्याला जे मिळालं ते. आरती झाली. रांग लागली. कोणी पोराला पायावर घातलं, कोणी नवस बोललं. मीसुद्धा हात जोडले. काय मागितलं ते सांगत नाही, कळलंच असेल.

आरती संपली. मनिरामजींनी आतून शिटी वाजवली. बकारामजींनी दोरी ओढली आणि पडदा खालून गुंडाळत वर जायला लागला. वाघाचे पंजे आत गेले मात्र, मांडवात एकच कल्लोळ!

"अरे, देवीले गुंडाळून राहिले काऊन?"

"पूजा झाली आता! हात नका लावू गा!"

आणि सर्वांवर कडी म्हणजे आमच्या सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "माझी देवी कोणी गुंडाळायची नाही!"

पडद्याच्या कडेतून एक डोकं बाहेर आलं. काळं फासलेलं, मोठ्या मिशा, दोन शिंगं. खुद्द महिषासुर. आजचे आपले अध्यक्षमहाराज. आणि महिषासुर काकुळतीला येऊन म्हणतो, "माय, माझं नाटक आहे ना वो!"

"असू दे. आधी देवी."

"माय, मुर्रीचे पाहुणे आले आहेत!"

"मंग? पाहुण्यायले दर्शन नको का?"

ज्या मुलाचं लग्न जमावं म्हणून ही माउली नवस करत होती, त्याच मुलाचं स्थळ ती स्वतःच्या हातानं मोडत होती. मी पदरात तोंड खुपसून अशी हसत होते की शेजारणी पाठ थोपटायला लागल्या. कित्येक दिवसांनी हसले हो! आणि तेवढ्यात माझं लक्ष वडिलांकडे गेलं. त्यांनी खांद्यावर शाल घेतली होती, कंदील उचलला होता, आणि एक हात खिशात होता. हसू तिथल्या तिथे गोठलं.

मनिरामजी बकारामजींना म्हणाले, "पडदा तुमचा आहे. तुम्ही सांगा लोकांना." बकारामजी देवीकडे पाहून म्हणाले, "आता माझा नाही." आणि दोरी पक्की बांधून खाली बसले. अध्यक्षमहाराज, त्यावेळी तुम्हाला राग आला होता, हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही जे केलं ते मात्र शाबासकीचं केलं. पडदा उघडत नाही ना? मग नाटक पडद्यापुढे! जागा केवढी, तर बाजेएवढी. मृदंगवाल्याला खाली उतरवलं, आणि महिषासुरानं कडेनं बाहेर येऊन गर्जना केली. वडील कंदील घेऊन निम्मे उठलेले, ते पुन्हा टेकले. माझा जीव भांड्यात पडला.

पण खरी गंमत पुढेच. दोन पदं झाली आणि देवी आली. म्हणजे कोण? आपले मनिरामजी! मिशी उतरवलेली, हिरवं लुगडं, पाठीला टिनाचे सहा हात. येऊन उभे राहिले नाहीत तोच लोक ओरडले, "अरे, खरी मागे उभी आहे, तू कोण गा?" "बाजूला हो, दर्शन होऊ दे!" एकानं तर विचारलं, "मनिरामभाऊ, मिशी कुठं ठेवली?" टिनाचे हात खडखडत देवी जी आत पळाली ती परत आलीच नाही. मनिरामजी, तुम्ही आज हसता आहात, म्हणजे मला माफ केलंत असं मी धरते.

आता झाली का पंचाईत? महिषासुर आहे, पण मारायला कोणी नाही! नाटकातला राक्षस मेल्याशिवाय नाटक संपायचं कसं? हे बिचारे ओरडतात, "कोण आहे मला मारणारा?" लोक म्हणतात, "मागे पाह ना!" हे वळतात, एवढी मोठी देवी वीतभर अंतरावर पाहून खरंच दचकतात, पुन्हा पुढे येतात. आपली पदं संपली. मग इंद्राची म्हटली. मग अग्नीची. मग नाइलाज होऊन, आवाज बारीक करून, देवीची पदं म्हटली आणि त्यांना स्वतःच जाड आवाजात उत्तरं दिली. गळा गोड होता, यात शंका नाही. पण घामानं मिशी ओघळली आणि एक शिंग हळूहळू कलून कानावर आलं. पद करुण होतं. मांडव शांत होता. आणि त्या शांततेत मी हसले.

साधं हसले नाही. मुर्रीला कोठ्यात हसले होते तसं. सारी मंडई वळून पाहायला लागली. महिषासुर थांबला. वडिलांनी मान खाली घातली. मला वाटलं, झालं. हेही गेलं. आता खिशातली सुपारी बाहेर निघणार.

राक्षसानं बायांकडे पाहिलं. कानावरचं शिंग चाचपलं. सरळ केलं, ते पुन्हा पडलं. आणि मंडळी, तो हसायला लागला. राक्षसाचं नाटकातलं हा-हा-हा नाही. पोट धरून, गुडघ्यावर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग आम्ही दोघं हसतोय, तो मंचावर, मी बायांत, आणि मग मृदंगवाला, आणि मग सारा मांडव. शेवटी सासूबाईच ओरडल्या, "अरे, मर ना आता! घरी जायचं आहे!" तशी त्यांनी पडद्यावरच्या त्रिशुळाचं टोक शोधलं, बरोबर त्याच्याखाली छाती धरून आडवे झाले आणि मेले. देवीचा जयजयकार झाला. इतकं सुखानं मरताना मी कोणाला पाहिलेलं नाही.

इथपर्यंत गावाला ठाऊक आहे. पुढचं ऐका.

वडील उठले. मी त्यांच्या मागे. मला वाटलं, बंडीकडे चालले. ते दोरीपाशी बसलेल्या बकारामजींकडे गेले. म्हणाले, "पेंटरजी, तुम्ही त्या घरी रोज जाऊन बसत होते. पोरगा गाते चांगला, ते पाहिलं. पण मले वेगळं पुसायचं आहे. माझी पोरगी हसते. त्या घरात हसलेलं चालते का?"

मी खांबाआड उभी. मंडळी, त्या क्षणी मला कळलं की माझ्या बापाला सारं ठाऊक होतं. मालगुजाराचं वाक्य त्यांनाही लागलं होतं. त्यांनी ते तोंडानं कधी म्हटलं नाही, एवढंच.

बकारामजी उठले. बोलतील असं वाटेना. त्यांनी गॅसबत्ती उचलली, वडिलांना पडद्यापाशी नेलं आणि देवीच्या एका डाव्या हातातलं धनुष्य दाखवलं. तुम्हीही पाहा, हे इथे. खालून रेघ कशी सरळ, सफाईदार येते, आणि इथे आल्यावर बघा, लटपटते, दोन हिसके खाते, मग पुढे जाते. रेल्वेच्या डब्यावर ज्या माणसानं कधी एक आकडा वाकडा काढला नाही, त्याची ही रेघ!

बकारामजी म्हणाले, "म्हातारी पूजा करून राहिली होती. पोरगा घंटी वाजवत होता. बकरी आली अन् देवीच्या पुढचा परसाद खाऊन, माळ गळ्यात घालून गेली. म्हातारी हसली, पोरगा हसला, मी पण हसलो, हात हलला."

वडील म्हणाले, "मंग मिटवली काऊन नाही?"

"दुसऱ्या दिवशी बसलो ना मिटवाले. तं म्हातारीनं बकरीची नक्कल केली."

वडिलांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळले. डोळे भरलेले होते. खिशातली सुपारी काढली, माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "जा. त्या म्हातारीच्या पाया पड."

सासूबाई, पाया पडताना मी हसत होते आणि तुम्ही विचारलंत, "काय झालं वो?" मी म्हटलं, "बकरी." तुम्ही मला पोटाशी धरलंत. त्या घरात आजवर मला 'हसू नको' असं कोणी म्हटलेलं नाही. दुष्काळी वर्षं आली, आजारपणं आली, एक लेकरू गेलं, तेव्हा आम्ही दोघी रडलोही पुष्कळ. पण पुन्हा हसायची वेळ आली तेव्हा आधी सासूबाईच हसल्या. त्या माउलीला बसून उठवत नाही आता, पण बकरीची नक्कल अजून करतात. नको नको, इथे नको!

तो पडदाही तेव्हापासून कधी गुंडाळला नाही. या गावचं नाटक आजही देवीपुढेच होतं, आणि राक्षस आपला आपणच येऊन त्रिशुळाखाली मरतो. बाहेरगावचे हसतात, हसोत.

आता माझं खरं काम. बकारामजी नोकरीतून मोकळे झाले, राजनांदगावला लेकीकडे राहायला चालले. परवा ते मंडळात आले आणि शिडी मागितली. मनिरामजींनी विचारलं, "कशाला?" तर म्हणाले, "धनुष्य." म्हणजे जाण्याआधी ती रेघ सरळ करून द्यायची! हातात कला असलेला माणूस. इतकी वर्षं ती चूक त्यांच्या डोळ्यांत सलत असणार, मला समजतं. अध्यक्षमहाराजांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा माझ्या हातून पीठच सांडलं.

बकारामजी, मी पदर पसरून मागते. जिथे रंग उडाला तिथे भरा, वाघाचे पट्टे उजळा, रेड्याच्या तोंडावरचा तो भाव वाटल्यास सुधारा. ती रेघ तेवढी राहू द्या. कोणाचा बाप लेकीला जमीन पाहून देतो, कोणाचा वाडा पाहून देतो. माझ्या बापानं मला त्या रेघेवर दिलं. आणि घर तसंच निघालं.

काय म्हणता? ... जरा मोठ्यानं बोला जी. मंडळी, शांत व्हा, बकारामजी बोलून राहिले आहेत! ... 

ऐकलंत? मागच्यांसाठी सांगते. ते म्हणतात, "सकाळी चढलो होतो शिडीवर. ब्रशही बुडवला. बकरी आठवली. हसू आलं. उतरलो."

आता मला पुढे बोलवत नाही. हसते आहे की रडते आहे, ते माझं मलाच कळेना. सत्कारमूर्ती, राजनांदगावला सुखानं राहा, आणि मंडईला आला नाहीत तर आम्ही सारे बंडी जुंपून न्यायला येऊ. चिटणीसांचे, मंडळाचे आणि इतका वेळ ऐकून घेतलेल्या आपणा सर्वांचे आभार. मान्यवरांची नावं घेताना कोणी राहिलं असेल, थोरामोठ्यांची थट्टा जरा जास्त झाली असेल, तर घरची लेक बोलली असं समजून पोटात घाला. अध्यक्षमहाराज, आता आपलं भाषण. पण आधी डोळे पुसून घ्या, लोक पाहून राहिले आहेत.